मोजमाप पुस्तक

येत्या मार्गशीर्षात अण्णांना जाऊन एक वर्ष होईल. त्यांच्या पश्चात गावच्या मंदिराच्या सभामंडपात शोकसभा झाली, तेव्हा बरेच जण मनापासून बोलले. धर्मनिष्ठ, समाजहितदक्ष, कुटुंबवत्सल, निष्णात अभियंते अशी विशेषणे एकामागून एक येत होती आणि त्यांतले एकही खोटे नव्हते. पुढच्या रांगेत बसलेल्या मला मात्र राहून राहून वाटत होते, की अण्णा स्वतः तिथे असते तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारले असते, "म्हणजे किती?" विशेषणाला एकक नसते, ही त्यांची जुनी तक्रार होती. पाऊस खूप झाला असे कुणी म्हणाले की त्यांना तो मिलिमीटरमध्ये हवा असे, आणि मला ताप आला की कपाळावर हात ठेवण्याआधी ते थर्मामीटर झटकू लागत.

संपादकांनी त्यांच्याविषयी लिहायला सांगितले तेव्हा म्हणूनच बिचकले. मुलीने वडिलांचे माप काढायचे म्हणजे टेपचे एक टोक आपल्याच हाती असते. तरी प्रयत्न करते.

अण्णांचा जन्म १९३६ चा, कृष्णाकाठच्या शेतकरी जैन कुटुंबातला. घरात थोरले काका, मग दोन आत्या, मग अण्णा. काकांनी सातवीनंतर शाळा सोडून औताला खांदा दिला, म्हणून अण्णांना शिकता आले. हे अण्णा कधी विसरले नाहीत आणि काकांनीही कधी विसरू दिले नाही. ज्या पिढीने १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन केली आणि पुढे कोल्हापूर-सांगलीला विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभी केली, तिच्या पुण्याईवर आमच्या भागातली किती घरे उभी राहिली याची गणती नाही. त्यांतले एक आमचे. अण्णा सांगलीच्या बोर्डिंगात राहिले, वाढप्याचे काम करून शिकले आणि १९५८ साली तिथल्या वालचंद महाविद्यालयातून स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडले. आमच्या भावकीतले ते पहिले इंजिनिअर. काकांनी त्या दिवशी गावात उसाचा रस वाटला म्हणतात. पेढ्यांना पैसे नव्हते, ऊस घरचा होता.

पुढच्याच वर्षी ते पाटबंधारे खात्यात लागून कोयनेला गेले. धरण तेव्हा वर येत होते. १०३ मीटर उंच, आठशे मीटरहून थोडे अधिक लांब, मोठमोठे दगड काँक्रीटमध्ये बसवून बांधलेले ते धरण म्हणजे अण्णांच्या तारुण्याची सगळी वर्षे. काँक्रीट ओतण्याचे काम रात्रपाळीतही चाले आणि रात्रीभोजन तर वर्ज्य. मग आई साडेपाचला डबा पाठवी, अण्णा तो जीपच्या बॉनेटवर ठेवून सूर्य मावळायच्या आत जेवत, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही नाही. थंडीतल्या पहाटे चार वाजता सगळी पाळी चहा पीत असताना हा एक माणूस शेकोटीला नुसते हात धरून उभा असे. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत लेव्हल बुकाबरोबर पाणी गाळायचे दुहेरी फडके असायचे. एका वरिष्ठ साहेबांनी एकदा थट्टेने विचारले, "अहो, आता हे सगळे धरण गाळून घेणार का?" अण्णा म्हणाले, "नाही साहेब. पिण्यापुरते."

पण खरी अडचण गाळण्याची नव्हती, जिवाणीची होती. आमच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तरी नव्या पिढीसाठी सांगते. पाणी गाळल्यावर फडक्यात जे सूक्ष्म जीव राहतात, ते गाळलेल्या पाण्याने फडके धुऊन, जिथून पाणी आणले तिथेच परत सोडायचे असतात. तेही उंचावरून ओतायचे नाही. भांडे पाण्यापर्यंत खाली नेऊन हलकेच कलते करायचे. गावात विहीर होती तोवर हा प्रश्नच नव्हता. कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये आला नळ. आईने नव्या संसाराच्या पहिल्याच सकाळी विचारले, "अहो, नळात परत कशी सोडायची?" अण्णांनी यावर विचार करायला एक दिवस घेतला. नळाला पाणी नदीतून येते, म्हणजे जिवाणी नदीची, असा हिशेब मांडून दुसऱ्या दिवसापासून ते कामावर जाताना पितळी तांब्या घेऊन निघू लागले. सायकलच्या दांडीला तांब्या टांगलेला, त्यावर वाटी, वाटीवर फडके बांधलेले. आधी नदीवर उतरायचे, तांब्या कलता करायचा, मग साइटवर. लोक हसत. बदली होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, हा क्रम चालला. मला वाटते, अण्णांची स्वतःची श्रद्धा आईइतकी बारीक नव्हती. ते ज्या निष्ठेने तांब्या नेत ती जिवांवरची होती की आईवरची, हे मला आजही नीटसे सांगता येत नाही.

आता ती रात्र. ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून वीस मिनिटे झाली असावीत. मी पाच वर्षांची होते, धाकटा भाऊ सात महिन्यांचा. मला आठवतो तो आवाज. डोंगराच्या पोटातून मालगाडी यावी तसा. मग भिंतीवरचा आरसा फुटला आणि अण्णांनी मला पायाला धरून ओढत बाहेर नेले. आमच्या रांगेतल्या सहापैकी चार क्वार्टर पडले. आमचा अर्धा उभा राहिला. दिवे गेले होते. चहूबाजूंनी हाका आणि रडणे. अण्णांनी आम्हां तिघांना मैदानाच्या मध्यभागी, झाड नाही, भिंत नाही, अशा जागी बसवले, आत जाऊन घोंगडी आणली, आणि आईला म्हणाले, "इथून हलू नकोस." मग बॅटरी घेऊन ते धरणाकडे चालू लागले.

ते परतले दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. मधल्या बारा-चौदा तासांत धक्के येतच होते. आईच्या मांडीवर तान्हे पोर, कुशीत मी. आमच्या शेजारच्या रांगेत दोन माणसे गेली. त्या भूकंपात एकूण दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि कोयनानगर म्हणून जे गाव होते ते जवळपास झोपले. अण्णा तेवढा वेळ कुठे होते? धरणाच्या पोटातल्या तपासणीच्या बोगद्यात. पाणी कुठून झिरपते, किती झिरपते, तडे कुठवर गेले, हे पाहणाऱ्या आठ-दहा जणांत ते एक होते. तडे होतेच. धरणाच्या मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, नेमक्या त्या उंचीवर ते आडवे गेले होते. मला पुढे समजावताना ते म्हणाले, की फांदीला जिथे खाच असते तिथेच ती मोडते. भूकंपाने फक्त खाच कुठे आहे ते दाखवले. पण धरण उभे राहिले. नंतर त्याच्या पाठीला काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट करण्यात आले. त्या कामावर अण्णा होते.

हे सगळे मोठे झाल्यावर कळले. पाच वर्षांच्या मुलीला कळले होते ते एवढेच, की जमीन हलत असताना वडील आम्हांला सोडून गेले. हा काटा माझ्या मनात बरीच वर्षे होता. चाळिशी ओलांडल्यावर, सुट्टीत गावी गेले असताना, एकदा स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी तो बाहेर काढला. "अण्णा, त्या रात्री तुम्ही आमच्याजवळ का थांबला नाहीत?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "तुम्ही उघड्यावर होता. अंगावर पडेल असे तिथे काही नव्हते. धरणाच्या खाली पाटण होते, कऱ्हाड होते, सांगली होती. सगळी झोपलेली."

उत्तर बिनचूक होते. त्यात आमचे गावही होते, काकाही होते, हे त्यांनी सांगितले नाही. मला नंतर सुचले. पण आई चुलीपासून न वळता म्हणाली, "उघड्यावर थंडी होती. तेही लिहून ठेवा तुमच्या पुस्तकात."

पुस्तक म्हणजे मोजमाप पुस्तक. बांधकाम खात्यात ज्याला सगळे एम.बी. म्हणतात ते. झालेल्या कामाचे माप त्यात लिहायचे: संख्या, लांबी, रुंदी, खोली, आणि शेवटी एकूण. पाने छापील अनुक्रमांकाची, फाडायची नाहीत. खाडाखोड करायची नाही, रबर वापरायचा नाही. चूक झाली तर मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी तारीख घालून सही करायची. सरकारचा पैसा त्या पुस्तकावर निघतो, म्हणून ते प्राणापलीकडे जपायचे. अण्णा निवृत्त झाले १९९४ साली, आणि बाजारात मिळणाऱ्या जाड वह्यांवर त्याच पद्धतीने रकाने आखून घरचे एम.बी. लिहू लागले. माळ्यावरच्या शेंगांची पोती, आंब्याच्या झाडाची वाढ, नातवंडांची उंची. परिग्रह-परिमाण व्रत घेतल्यावर स्वतःच्या वस्तूही त्यात आल्या: सदरे ४, धोतरे ३, चष्मे २, चपलांचा जोड १. पाचवा सदरा कुणी भेट दिला की एक सदरा आधी बोर्डिंगातल्या आचाऱ्याकडे जाई, मगच नवा घडी मोडे. आईने एकदा माझ्याकडे तक्रार केली, की यांचे अपरिग्रह सगळे कपड्यांत आहे, वह्यांना मात्र मर्यादा नाही.

नोकरीत असतानाही सुट्टीचा रविवार समाजाचा असे. कुणाच्या मंदिराचा नकाशा, कुणाच्या मुलाचा प्रवेश, कुणाच्या विहिरीचा वाद. मानधनाचा प्रश्नच नव्हता. चहासुद्धा ते घरून पिऊन जात. १९८१ साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला, मूर्तीला हजार वर्षे पूर्ण झाल्याचा. आम्ही सगळे गेलो होतो. लाखोंचा समुदाय हात जोडून ५७ फूट उंचीच्या त्या प्रसन्न मुखाकडे पाहत होता आणि अण्णा पाहत होते मूर्तीमागच्या पहाडाकडे, म्हणजे कलश घेऊन चढणाऱ्या लोकांसाठी उभारलेल्या लाकडी-लोखंडी सांगाड्याकडे. आई कासावीस. "अहो, भगवंताकडे पाहा." ते म्हणाले, "ज्याच्यावर माणसे उभी आहेत ते आधी पाहतो." समाधान झाल्यावर मात्र त्यांनी मान वर केली, आणि मग बराच वेळ खाली केली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहताना मी पाहिले ते त्या एकाच दिवशी.

आता जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही, याचा विचार मी पुष्कळ केला. गावात सर्वांना माहीत आहे आणि शोकसभेत कुणी त्याचा उच्चार केला नाही.

१९९६ साली गावात मुलांच्या वसतिगृहासाठी दोन मजली सभागृह बांधायचे ठरले. थोरल्या काकांनी आजीच्या स्मरणार्थ मोठी देणगी दिली. त्यासाठी दोन एकरांचा तुकडा विकला. बांधकामाचे कंत्राट काकांच्या जावयांना मिळाले, म्हणजे माझ्या चुलत बहिणीच्या घरी. देखरेखीला अण्णा. पण त्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या घरी अडचण होती म्हणून अण्णा-आई तीन आठवडे पुण्याला राहिले. परत आले तेव्हा पहिल्या मजल्याचा स्लॅब पडून गेला होता. अक्षय तृतीयेला उद्घाटन हवे म्हणून घाई झाली होती. पाण्याची टंचाई, म्हणून काँक्रीटवर पाणी नीट मारलेले नव्हते. १८ फुटांचा गाळा. खालचे टेकू निदान चौदा दिवस हवेत, ते दहाव्या दिवशी काढलेले. अण्णांनी खालून हातोडीने ठोकून आवाज ऐकला, एका कोपऱ्यात खिळ्याने खरवडले आणि काही न बोलता घरी आले.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांनी भार-चाचणीची मागणी केली. वाळूची पोती मोजून स्लॅबवर रचली, २४ तास ठेवली, खाली मध्यभागी पट्टी लावून वाक मोजला, मग पोती उतरवून किती वाक परत गेला ते मोजले. तीन चतुर्थांश तरी परत जायला हवा. अर्धाही गेला नाही. अण्णांनी अहवाल लिहिला तो दोनच ओळींचा: स्लॅब वापरण्यास अयोग्य, पाडून पुन्हा करावा.

समितीत जे झाले त्याचे वर्णन करत नाही. काका म्हणाले, "आईच्या नावाचा स्लॅब आहे. तू फोडणार?" अण्णा म्हणाले, "दादा, त्यावर साठ मुले झोपणार आहेत." काका म्हणाले, "मी शाळा सोडली नसती तर मीही इंजिनिअर झालो असतो." याला अण्णांपाशी उत्तर नव्हते. स्लॅब फोडला गेला. नव्याचा अर्धा खर्च अण्णांनी आपल्या निवृत्तीच्या पैशातून दिला, आईला न विचारता, आणि हे मला आजही पटलेले नाही. ते पैसे आईच्याही इतक्या वर्षांच्या पहाटेच्या डब्यांचे होते.

काकांनी आमच्या घराचा उंबरा सोडला. माझी चुलत बहीण आणि मी एका ताटात जेवून वाढलेल्या. तिच्या घरच्यांचे नाव गावात खराब झाले ते आमच्यामुळे, असे तिने धरले. अण्णा बरोबर होते, यात मला शंका नाही. पण टेकू काढण्याआधी समितीने एक फोन केला असता, किंवा अण्णांनी पुण्याहून एक फोन केला असता, तर? हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. त्यांनी तो स्वतःला विचारला असावा, कारण त्यानंतर ते कुठल्याही चालू कामावरून एक रात्रही दूर राहिले नाहीत.

दरवर्षी दशलक्षण पर्व संपून क्षमावणीचा दिवस आला की अण्णा सकाळी धुतलेले धोतर नेसून काकांच्या दारात जात. काका ओसरीवर बसलेले असत. अण्णा हात जोडून क्षमा मागत. काकाही हात जोडत, कारण त्या दिवशी हात न जोडणे शक्य नसते; पण तोंडातून शब्द नाही, "ये, बस" नाही. अण्णा परत येत. अशी नऊ वर्षे गेली. एका वर्षी पाऊस मुसळधार होता, आई म्हणाली, उद्या जा. ते म्हणाले, उद्याची क्षमा वेगळी.

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेने हात-पाय पसरले. आमच्या गावाची खालची आळी पाण्याखाली गेली आणि दीडशेच्या वर माणसे वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर आणून ठेवली. काकांचे घर खालच्या आळीत. पंच्याहत्तरीचे काका, काकू, त्यांची सून, शेळ्या सोडून सगळे त्या सभागृहात आले. मी तेव्हा गावीच अडकले होते. भाकरी घेऊन रोज तिथे जायची. अण्णा बाहेर, पाणी किती चढले त्याच्या खुणा दर दोन तासांनी शाळेच्या भिंतीवर करत फिरत होते. तिसऱ्या रात्री काका सतरंजीवर उताणे पडून वर पाहत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गळत नाही."

मी घरी येऊन अण्णांना ते दोन शब्द सांगितले. त्यांनी काही न बोलता कंदिलाची वात खाली केली. पूर ओसरल्यावर त्या वर्षीच्या क्षमावणीला काकांनी "बस" म्हटले. चहा झाला. जुन्या गोष्टीचा विषय दोघांनीही काढला नाही, पुढेही नाही. काका तीन वर्षांनी गेले. चुलत बहीण अण्णांच्या अखेरच्या दर्शनाला आली, माझ्या आईजवळ बसली, माझ्याशी बोलली नाही. मी दरवर्षी पत्र टाकते.

अण्णांचे शेवटचे दोन महिने शांतपणे गेले. एकेक पदार्थ ते सोडत गेले, औषधेही मोजकी. कानाशी णमोकार मंत्र चालू असे आणि मध्येच डोळे उघडून ते विचारत, नातवाने गच्चीची टाकी धुतली का. ते गेल्यावर वह्या आवरायला घेतल्या. एकूण ३१ निघाल्या. शेवटच्या वहीत अक्षर कापरे झालेले. नातवंडांच्या उंचीनंतर बरीच पाने कोरी, आणि मग एका पानावर तारीख: ११-१२-१९६७. रकाने आखलेले. माणसे ३, पैकी लहान २. घोंगडी १. आणि शेऱ्याच्या रकान्यात: थंडी होती.

मी वही आईपुढे धरली. तिला आता बारीक दिसत नाही, म्हणून वाचून दाखवले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "घोंगड्या दोन होत्या. एक मी शेजारच्या बाळंतिणीला दिली. यांना कुठून ठाऊक असणार? हे गेले होते."

मी म्हटले, "असू दे, आई."

"असू दे काय? चुकलेले माप तसेच ठेवायचे? दुरुस्त कर."

मी एक या आकड्यावर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, वर दोन लिहिले, शेजारी तारीख घातली आणि पेन आईच्या हाती दिले. तिने सही केली.